काळजीवाहू सरकार

मराठीतले काही शब्द वर्तमानपत्रात वाचताना भारदस्त वाटतात आणि घरात आले की त्यांचं खरं वजन कळतं. 'काळजीवाहू' हा त्यातलाच. पेपरात तो नेहमी सरकारच्या मांडीला मांडी लावून बसलेला असतो. काळजीवाहू सरकार म्हणजे काय? तर जबाबदारी सगळी आणि अधिकार बेताचे. मोठा निर्णय घ्यायचा नाही, नव्या खर्चाला हात लावायचा नाही, फक्त दुसरी व्यवस्था होईपर्यंत रोजचं रहाटगाडगं ओढायचं. चौधरी चरणसिंगांनी १९७९ च्या ऑगस्टात राजीनामा दिला आणि १९८० च्या जानेवारीपर्यंत ते काळजीवाहू पंतप्रधान म्हणून राहिले. पाच महिन्यांच्या आत सुटले बिचारे. मी सातव्या वर्षात आहे, आणि दुसऱ्या कुणाच्या शपथविधीचा मांडव अजून कुठे दिसत नाही.

आमच्या घरची काळजी म्हणजे आमच्या सासूबाई. वय वर्षं ८४. पोस्टात नोकरी केली, आणि अक्षर असं की लोक मनीऑर्डरची पावतीसुद्धा जपून ठेवत. सात वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्स झाला. जुन्या भाषेत कंपवात. नाव कंपवात असलं तरी कंप हा त्यातला सगळ्यात सोज्वळ भाग आहे. बटण लागत नाही, अंथरुणात कूस वळत नाही, चांगलं चालणारं माणूस उंबरठ्याशी आलं की पाय जमिनीला चिकटतात, घास गिळायला वेळ लागतो, आणि अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं होतं. डोकं मात्र ठणठणीत. भाजीत मीठ विसरलं तर पहिल्या घासाला कळतं.

सासूबाईंच्या गोळ्या दिवसातून पाच वेळा, आणि त्याही घड्याळाच्या ठोक्याला. आमच्याकडे देवाची पूजा मागेपुढे झाली तर देव चालवून घेतो, गोळी मागेपुढे झाली तर सासूबाईंचे पाय ऐकत नाहीत. बालवाडीतली नोकरी मी सात वर्षांपूर्वी सोडली ती यासाठीच. आमचे हे केंद्र सरकारच्या कचेरीत. तेही मदत करतात. म्हणजे रोज सकाळी साडेआठला बुटाची नाडी बांधता बांधता "मी काही करू का गं?" असं मनापासून विचारतात.

या सात वर्षांत मला मानधन मिळालं नाही असं कोण म्हणेल? मिळालं की. 'धन्य आहे बाई तुमची' या चलनात मिळालं. भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना दारात उभा राहून हे चलन माझ्या हातावर ठेवतो. अडचण एवढीच, की वाणी ते घेत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू तर म्हणतात, "असं करायला मिळायलासुद्धा पूर्वपुण्याई लागते हो!" मी एकदा त्यांना म्हटलं, "काकू, उद्या दुपारी दोन तास बसता का त्यांच्याजवळ? थोडी पुण्याई तुमच्याही खात्यात जमा होईल." काकूंना दुसऱ्या दिवशी नेमकं भिशीला जायचं होतं.

वन्सं नागपूरला असतात. त्यांचं आईवर फार प्रेम. रोज रात्री फोन करून विचारतात, "वहिनी, आईला बदाम भिजवून देतेस ना?"

शेवटी मी ठरवलं, की कर्तव्यं तर सगळ्यांनी पाठ करून दिली आहेत, आपले हक्क काय आहेत तेही एकदा बघून घ्यावं. चष्मा पुसला आणि कायदे वाचायला बसले.

पहिला सापडला तो आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा. फार कडक कायदा आहे हो! म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. न्यायाधिकरणावर प्रांताच्या दर्जाचा अधिकारी. निर्वाहभत्ता महिना १०,००० रुपयांपर्यंत. हे सगळं कुणी द्यायचं? तर 'मुलांनी'. आणि मुलं म्हणजे कोण, तर मुलगा, मुलगी, नातू आणि नात. मी ती ओळ दोनदा वाचली. सून नाही! पुढे २०१९ मध्ये सून-जावयांनाही त्यात घ्यावं असं विधेयक आलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे ज्या बाईवाचून या देशातल्या निम्म्याअधिक म्हाताऱ्यांच्या तोंडात घास जात नसेल, तिचं नावच यादीत नाही. मी धावत जाऊन ती ओळ सासूबाईंना वाचून दाखवली. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं तू हे बेकायदा करत होतीस?"

पण गंमत बाजूला ठेवा. या कायद्याची सगळी नजर पळून जाणाऱ्यावर आहे. जो पळाला त्याला नोटीस येते, जी घरात राहिली तिला साधं पोस्टकार्डही येत नाही. आणि तिची संख्या काही थोडी नाही. केंद्र सरकारनेच २०२४ मध्ये पाहणी केली, लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची. १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के घरातल्या माणसांची काळजी घेण्यात दिवसाला सुमारे १४० मिनिटं घालवतात, त्यात मुलंबाळंही आली. पुरुषांपैकी २१.४ टक्के, आणि मिनिटं ७४. ह्यांना आकडा सांगितला तर म्हणाले, "म्हणजे आम्ही निम्म्याच्या वर आहोत की!" सरकारी नोकराला कुठला आकडा कसा वाचायचा हे शिकवावं लागत नाही.

दुसरा कायदा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा, २०१६ चा. त्याच्या यादीत २१ प्रकारचं अपंगत्व आहे आणि त्यात पार्किन्सन्सचं नाव घेऊन उल्लेख आहे. (ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंश आहे त्यांना मात्र यादीत आपलं नाव शोधत बसावं लागतं.) आणि या कायद्यात एक व्याख्या आहे. काळजी घेणारी व्यक्ती कोण? तर आईवडील किंवा घरातलं दुसरं कुणीही धरून, पैसे घेऊन किंवा न घेता जी व्यक्ती अपंग माणसाची देखभाल करते ती. 'न घेता!' मी तो शब्द बोटाने चाचपून पाहिला. सात वर्षांत सरकारच्या कागदावर मला मीच पहिल्यांदा भेटत होते. पुढे तर असंही आहे, की ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा माणसांना काळजी घेणाऱ्यासाठी भत्ता देण्याची योजना सरकारने करावी. फक्त त्याच्या आधी एक छोटंसं वाक्य आहे: 'आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. हे वाक्य माझ्या चांगलं ओळखीचं. लग्नात आमच्या ह्यांनी सोन्याच्या पाटल्यांबद्दल हेच म्हटलं होतं. केरळ सरकारने मात्र अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी 'आश्वासकिरणम्' नावाची योजना काढली. महिन्याला काही शे रुपयेच, पण रुग्णाला नव्हे, त्याची काळजी घेणाऱ्याला. त्या शंभराच्या नोटेवर का होईना, 'धन्य आहे' असं सरकारने एकदा लिहून दिलं.

कायद्याचा लाभ घ्यायचा तर अपंगत्वाचा दाखला हवा, निदान ४० टक्क्यांचा. म्हणून आम्ही सासूबाईंना एका सरकारी इस्पितळात नेलं. आता या आजाराची एक खोड आहे. गोळी चढलेली असते तेव्हा माणूस बऱ्यापैकी हिंडतं-फिरतं, आणि उतरली की लाकूड. रांगेत तीन तास गेले. नंबर लागेपर्यंत पुढच्या गोळीची वेळ झाली, म्हणून मी ती देऊन टाकली. सासूबाई आत गेल्या त्या जवळजवळ पाहुणीसारख्या. डॉक्टरांना नमस्कार केला, स्वतःहून खुर्चीत बसल्या, वर "आपलं गाव कोणतं?" म्हणून विचारपूसही केली. डॉक्टर म्हणाले, "आजी छान आहेत की!" आजींनीही मान डोलावली. जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या बाई त्या, खिडकीसमोर रडगाणं गायचं नाही ही सवय. पुढच्या तारखेला मी गोळी पिशवीत ठेवली, सासूबाईंना मुद्दाम अर्धा तास थांबवलं आणि मग दाखला मिळाला. आपल्या माणसाला बरं दिसू नये म्हणून झटायचं, हा काळजीवाहूंच्या अभ्यासक्रमातला सगळ्यात अवघड पेपर.

दाखला हातात आल्यावर ह्यांच्या डोळ्यांत आयकराचे दिवे लागले. जुन्या करपद्धतीत अपंग व्यक्ती आपल्यावर अवलंबून असेल तर ७५,००० रुपयांची वजावट मिळते, आणि अपंगत्व ८० टक्क्यांच्या पुढे असेल तर १,२५,००० ची. नव्या पद्धतीत हे काही नाही. आम्ही जुन्या पद्धतीतच होतो, म्हणून करसल्लागाराकडे गेलो. त्यांनी विचारलं, "आईंना पेन्शन आहे?" आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मग त्या अवलंबून आहेत असं म्हणता येणार नाही." म्हणजे पेला तोंडापर्यंत न्यायला माझा हात लागतो, पण आयकराच्या दृष्टीने सासूबाई स्वावलंबी! आणि समजा वजावट मिळाली असती, तरी ती मिळणार ह्यांना. मी करच भरत नाही, कारण मी काही कामच करत नाही ना!

पेन्शनवरून बँक आठवली. सासूबाईंची सही मुंगीएवढी झाली तेव्हा बँकेने ती नाकारली. बँकेचं चुकलं असं कसं म्हणू? बँकेकडच्या कार्डावरची सही गाड्याच्या चाकाएवढी आहे. मग कळलं, की रिझर्व्ह बँकेने याची तजवीज केलेली आहे. आजारी खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. हाताचा नाही तर पायाचाही चालतो! दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. आणि ७० वर्षांवरच्यांना घरपोच सेवा द्यावी असं तिने बँकांना २०१७ मध्येच सांगून ठेवलं आहे. आम्ही तसा अर्ज केला तेव्हा एक तरुण अधिकारी शाईचं पॅड घेऊन घरी आला. सासूबाईंनी त्याला विचारलं, "हाताचा देऊ की पायाचा?" तो इतका गोंधळला, की आधी त्याच्याच शर्टाला शाई लागली.

कुणीतरी सुचवलं, मुखत्यारपत्र करून ठेवा. सोय चांगली आहे. पण १८७२ च्या करार कायद्यात अशी मेख आहे, की मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की ते मुखत्यारपत्र संपतं. पावसाळ्यासाठी छत्री घ्यावी आणि पहिला थेंब पडताच ती मिटावी, तसं! नवरा बेशुद्धावस्थेत पडून आहे आणि त्याच्याच खात्यातून त्याच्याच औषधाचे पैसे काढायला बायकोला उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावं लागलं, अशी प्रकरणं मुंबईतही झाली आहेत. आमच्या सासूबाईंचं डोकं शाबूत आहे, हे किती मोठं आर्थिक भांडवल आहे ते मला तेव्हा कळलं.

इस्पितळाचं म्हणाल तर सरकार उदार आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. पण ते दाखल झाल्यावर. म्हणजे पडून खुबा मोडला तर सरकार आहे, पडू नये म्हणून रात्रंदिवस बाजूला उभी राहते तिच्यासाठी नाही. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फोन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. आणि मन फार थकलं तर १४४१६, तो अष्टौप्रहर. मी एकदा रात्री तीन वाजता तो फिरवला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "ताई, तुम्ही स्वतःसाठी वेळ काढता का?" मी म्हटलं, "काढला ना, आत्ता! म्हणून तर फोन केला." दोघीही हसलो. खरं सांगते, त्या रात्री झोप लागली.

राहता राहिली रजा. ह्यांना रजेचे नियम देवाच्या आरतीसारखे पाठ. आईवडिलांची काळजी घेण्यासाठी सरकारी नोकरांना काही रजा आहे का, असा प्रश्न जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत आला होता. उत्तर मिळालं, की वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, २० दिवस अर्धवेतनी, ८ नैमित्तिक आणि २ ऐच्छिक सुट्ट्या आहेत, त्या कुठल्याही वैयक्तिक कारणासाठी घेता येतात आणि आईवडिलांची काळजी हेही त्यातलंच एक कारण. म्हणजे तुमच्याच ताटातली पोळी उचलून तुम्हालाच आग्रहाने वाढली. आसाम सरकारची तऱ्हा निराळी. जो सरकारी नोकर आईवडिलांना बघणार नाही त्याच्या पगारातून १० टक्के कापायचे, असा कायदा त्यांनी २०१७ मध्ये केला, आणि २०२२ पासून आईवडील किंवा सासूसासऱ्यांबरोबर राहायला दोन दिवसांची खास रजाही द्यायला लागले. एका हातात छडी, दुसऱ्या हातात बत्तासा.

माझी धाकटी बहीण इंग्लंडात लीड्सला असते. ती म्हणते, तिकडे आठवड्याला ३५ तास काळजी घेतली की भत्ता. मी हिशोब केला. सोमवारी पहाटे पाचला सुरुवात केली तर मंगळवारी दुपारच्या चहाला माझे ३५ तास भरतात. बुधवारपासून मी सुट्टीवर! पण तिकडेही सगळं आपोआप मिळालं असं नाही. भत्ता १९७६ मध्ये सुरू झाला तेव्हा नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बायकांना तो नव्हता. त्या काय, घरात असणारच, असा हिशोब. जॅकलीन ड्रेक नावाच्या बाईंनी आईची काळजी घ्यायला नोकरी सोडली होती. त्या थेट युरोपच्या न्यायालयापर्यंत गेल्या, १९८६ मध्ये जिंकल्या, आणि लग्न झालेल्या बायकांना भत्ता सुरू झाला. नोकरदारांना वर्षाला एक आठवड्याची रजा मिळाली ती एप्रिल २०२४ पासून, आणि तीही बिनपगारी. हे ऐकून मला बरं वाटलं. सून काय नि लेक काय, 'घरात असणारच' हे गृहीतक सातासमुद्रापार सारखंच आहे.

आपल्याकडे पैशाच्या आधी शब्द आला. पुण्यात या आजाराच्या स्वमदत गटात रुग्णाला 'शुभार्थी' म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर'. पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, हळदीकुंकवाला आलो की काय! पण तिथे कुणी 'धन्य आहे' म्हणालं नाही. एक आजोबा म्हणाले, "उंबरठ्याशी पाय अडला तर जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवा आणि ती ओलांडायला सांगा." पट्टी आठ रुपयांची. त्या दिवसापासून आमचा उंबरठा सुटला. आणि दुसऱ्या एका बाईंनी माझ्याकडे निरखून पाहत विचारलं, "तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे ना? कधी काढताय?"

सात वर्षांत माझ्या डोळ्यांत कुणी बघितलं नव्हतं. तारीख मी तीनदा पुढे ढकलली होती, कारण ऑपरेशननंतर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, आणि आमच्याकडे वजन म्हणजे सासूबाई. ब्युरोची बाई विचारली तर तिचा दिवसाचा दर ऐकून ह्यांनी अर्धवेतनी रजेसारखा चेहरा केला. पण आदल्या दिवशी मी सासूबाईंची निळी गोळी समजून पिवळी हातात घेतली होती. त्यांनीच ओळखली म्हणून बरं.

तेव्हा मी रीतसर अर्ज लिहिला. 'विषय : आठ दिवसांची रजा मिळणेबाबत. महोदया, मी आपल्या सेवेत गेली सात वर्षं विनावेतन, विनासुट्टी व विनातक्रार कार्यरत असून...' (विनातक्रार हा शब्द नंतर खोडला.) हे म्हणाले, "अर्ज योग्य मार्गाने आला पाहिजे," आणि खाली 'शिफारस करण्यात येते' असं लिहून त्यांनी सही ठोकली. त्याच सहीसरशी आठातले चार दिवस अर्जित रजाही टाकली, हे मी नमूद करते. सासूबाईंनी भिंग मागवलं, अर्ज दोनदा वाचला, पेन घेतलं. दहा मिनिटं लागली. मुंगीएवढं अक्षर होतं, म्हणून भिंग मग मला घ्यावं लागलं. लिहिलं होतं, 'मंजूर. भरपगारी.' आणि पुढच्या खेपेला तो बँकेचा मुलगा आला तेव्हा त्यांनी पेन्शनमधली एक रक्कम दरमहा माझ्या नावावर टाकायला लावली. अंगठा हाताचाच दिला.

वन्संना फोन गेला तोही सासूबाईंचाच. वन्सं नागपूरहून बदाम घेऊन आल्या. मी गोळ्यांचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलं आणि काळा चष्मा लावून मुलीकडे जाऊन निजले. चौथ्या दिवशी सकाळी सहाला वन्संचा फोन.

"वहिनी, डोळा कसा आहे गं?"

"उत्तम आहे. आई कशा आहेत?"

"आई मजेत आहे. रात्री पाच वेळा कूस बदलून दिली. बरं, तू तो २०१६ चा कायदा म्हणत होतीस ना, भत्त्याचा? तो लेकीला लागू आहे का?"

मी म्हटलं, "वन्सं, तुमचं नाव २००७ च्या कायद्यात आहे. त्यात तुम्हाला भत्ता नाही, कैद आहे."